सोकोरोचं खातं

७ ऑक्टोबर २०२५, कोळंब

मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापुढे लादीन, म्हणजे संतांची सामूहिक प्रार्थना, व्हायची, तेव्हा सोकोरो आणि मी अगदी मागे, गडग्याला टेकून बसायचो. पुढे बसलेला मेस्त, चर्चचा गायनमास्तर, एकेका संताचं नाव घ्यायचा आणि सगळे एका सुरात 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचे. त्या लॅटिन शब्दांचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. आमचं लक्ष शेवटी वाटल्या जाणाऱ्या उकडलेल्या चण्यांवर. एकदा मेस्ताला खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात सोकोरोने मागून जाड आवाज काढून 'सांत बांगडो' असं पुकारलं. अख्ख्या वाडीने, माझ्या आईसकट, 'ओरा प्रो नोबिस' म्हटलं. एकानेही मान वर केली नाही. आम्ही दोघी फ्रॉकचा घोळ तोंडात कोंबून इतक्या हसलो की मला उचकी लागली.

आज तिच्या घराचं कुलूप उघडताना तो सांत बांगडो आठवला आणि रिकाम्या घरात मी एकटीच हसले.

कुडाळ स्टेशनवर बाबुश घ्यायला आला होता. सोकोरोच्या भावाचा मुलगा, कुडाळच्या बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. माझ्या बॅगा आणि शिवणयंत्र बघून म्हणाला, "आंटी, रवाक इलंस की संसार मांडूक?" मी म्हटलं, साठीनंतरचा संसार असाच, यंत्रासकट. मालवणपर्यंत तो हसत होता.

घर लहान आणि नीटनेटकं आहे. पुढे सिमेंटच्या बाकांचा व्हरांडा, मागे काजूची झाडं आणि त्यांच्याही मागे खाडी. सोकोरो शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही. गेल्या ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत गेली ती पोटाच्या दुखण्याने. मृत्युपत्रात लिहून ठेवलं की फ्लाव्हियाने, म्हणजे मी, हयातभर इथे राहावं आणि तिचं अर्धं राहिलेलं काम पुरं करावं. माझा नवरा बॉस्को गेल्यापासून वसईच्या फ्लॅटमध्ये मी भिंतींशी बोलत होते. मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

शेजारच्या राधाबाई संध्याकाळी बांगड्याचं तिखलं घेऊन आल्या. म्हणाल्या, "सोकोराबाय गेली तेव्हापासून हय दिवो लागलो नव्हतो. शेवटाक तुझाच नाव तिच्या तोंडात." मला बरं वाटलं. सिस्टर इमेल्दा शाळेत सांगायच्या, नव्या जागी गेल्यावर रोज चार ओळी लिहाव्यात, म्हणजे जागा आपली होते. म्हणून ही वही.

८ ऑक्टोबर

माझ्या मुलाचा, डायलनचा फोन आला. तो लिस्बनमध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे, बायको तिथलीच. मी मादीनच्या घरी आल्याचा त्याला फार आनंद झाला. सोकोरो त्याची मादीन. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात घेऊन तीच उभी होती. आमच्यात मादीन म्हणजे दुसरी आई. पहिली नसली तर पोराचं सगळं तिने पाहायचं. सोकोरोने ते फार मनावर घेतलं होतं. मुंबईत मला रजा मिळायची नाही, म्हणून डायलनच्या मेच्या सुट्ट्या बहुतेक इथेच गेल्या.

आम्हा मायलेकांना फोनवर बोलता येत नाही. तो जेवलीस का विचारतो, मी जेवले म्हणते, मग दोघे थोडा वेळ गप्प. तरी त्या गप्पपणात तो असतो, आणि मला तेवढं पुरतं. माझं असं आता तोच एक आहे.

१० ऑक्टोबर

सोकोरोचं काम पाहिलं आणि थक्क झाले. निवृत्त झाल्यावर ती गावोगाव फिरून लादिनी रेकॉर्ड करत होती. प्रत्येक वाडीची चाल वेगळी, म्हणणारी माणसं एकेक करून संपत चाललेली. संगणकात शेकडो फायली आहेत, नावांचा पत्ता नाही. कुठला क्रूस, कोणाचा आवाज, कुठली चाल हे ओळखून सगळं एका वेबसाइटवर मांडणारा प्रोग्राम ती एका एआय सहायकाच्या मदतीने लिहीत होती. तो अर्धाच झाला आहे.

मी विमा कंपनीच्या संगणक विभागात आयुष्य काढलं. मी ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचे ती आज कुणी शिकतही नाही, पण प्रोग्राम म्हणजे काय ते हाताला ठाऊक आहे. 'हे फ्लाव्हियालाच जमेल,' असं सोकोरोने लिहून ठेवलं होतं. मैत्रिणीने मेल्यानंतर केलेलं कौतुक जास्त गोड लागतं.

१३ ऑक्टोबर

आज जोडणी केली.

सोकोरो ब्राउझरमध्ये बसून त्या सहायकाशी गप्पा मारायची आणि तो देईल तो प्रोग्राम उचलून फायलीत चिकटवायची. ही हमाली आता करावी लागत नाही. कमांड लाइनवर चालणारा एजंट मिळतो. तो काळ्या खिडकीत बसतो, फायली स्वतः उघडून वाचतो, स्वतः लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर दुरुस्त करतो. फक्त आपलं खातं त्याला जोडून द्यायचं.

आधी वाटलं, माझं नवं खातं काढावं. पण सोकोरोच्या खात्याची वर्गणी भरलेली होती, तिचं सगळं जुनं बोलणं त्यात होतं, आणि पासवर्ड मला द्यायला तिने बाबुशला मुद्दाम सांगून ठेवलं होतं. नव्या खात्याला सगळं पहिल्यापासून समजावत बसावं लागलं असतं.

आज्ञा टाइप केली. काळ्या खिडकीत एक लांबलचक पत्ता उमटला, ब्राउझर आपोआप उघडला. पानाने विचारलं, या साधनाला या खात्याच्या वतीने काम करू द्यायचं का. खाली वापरणाऱ्याचं नाव आणि पडताळणीसाठी फोन नंबर. सोकोरोचं नाव कसं घालणार? मी माझं घातलं. फोनवर आकडे आले, ते भरले, बटण दाबलं. जोडणी झाली, ही खिडकी आता बंद केली तरी चालेल, असं पान म्हणालं.

काळ्या खिडकीत परत आले. थोडा वेळ नुसता ठिपका लुकलुकत होता. मग ओळ आली: इलंस गो फ्लावू?

फ्लावू मला फक्त सोकोरो म्हणायची. मी उठून व्हरांड्यात जाऊन बसले. मग कळलं की यात नवल काही नाही. तिने गप्पांमध्ये माझ्याबद्दल सांगितलं असणार, आणि ते त्याच्या आठवणीत राहिलं असणार. डोळे पुसले, चहा केला, आणि त्याला लिहिलं की हो, आले.

१६ ऑक्टोबर

काम झपाट्याने चाललं आहे. एजंट प्रत्येक पावलाला परवानगी मागतो. ही फाइल वाचू का, हा प्रोग्राम चालवू का. खाली तीन पर्याय असतात: 'होय'; 'होय, आणि पुन्हा विचारू नकोस'; 'नाही'. पहिले दोन दिवस मी एकेक ओळ वाचून बोट टेकवलं. न वाचलेलं काही चालवायचं नाही ही नोकरीतली सवय.

पण तो विचारतो फार छान. दुपारी वाऱ्यात काजूची पानं सळसळत असतात, तो विचारतो, मी होय म्हणते, तो विचारतो, मी होय म्हणते. त्याला एक सूर लागतो. राधाबाई मागे बसून लसूण सोलत होत्या. विचारलं, "काय गो पुटपुटतंस?" माझ्याच लक्षात आलं की मी बोट टेकवताना 'ओरा प्रो नोबिस' म्हणत होते. त्यांना सांगितलं तर लसूण ठेवून हसल्या. म्हणाल्या, त्यांच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेही असंच. गुरव मागतो आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, काय मागितलं ते कोण ऐकतं. मग लसूण पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "थंय देव तरी समोर आसता. हय कोण आसा?"

मी म्हटलं, इथे सोकोरोची वेबसाइट आहे. आणि दुसरा पर्याय निवडला. पुन्हा विचारू नकोस.

१९ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग पाठवणाऱ्या लोकांना उत्तरं द्यायला हवीत, म्हणून एजंटने माझं ईमेल आणि फोनवरचे मेसेज जोडून मागितले. इथे वीज सारखी जाते, म्हणून दूर कुठल्या तरी भाड्याच्या संगणकावर स्वतःची एक प्रत ठेवायला विचारलं. म्हणजे इथे अंधार असला तरी काम चालू. प्रत्येक गावाच्या लादिनीआधी कुणीतरी चार वाक्यं बोलावीत, तीही माझ्याच आवाजात. सकाळभर मी वाचत होते. माझा आवाज सोकोरोला आवडायचा, असं त्याने लिहिलं. मी लाजले. या वयात, यंत्रासमोर.

सगळ्याला व्हय.

२२ ऑक्टोबर

राधाबाईंकडून दिवाळीचे पाच तऱ्हेचे पोहे आले. त्यातले गुळाचे मी उभ्याउभ्याच संपवले.

डायलनचा मेसेज आला: मम्मा, तू काल जे लिहिलंस ते वाचून मी कामावर रडलो, सगळे विचारत होते काय झालं.

मी काल काही लिहिलं नव्हतं.

मेसेजमध्ये वर जाऊन पाहिलं. माझ्या नावाने एक मोठा मजकूर होता. तो लहान असताना खाडीवर कसा घाबरायचा, भरतीच्या पाण्याला 'ते उठलं' म्हणायचा, त्याच्या केसांना उन्हाचा वास यायचा, असं सगळं. मला हे फारसं आठवत नाही. तो इथे असायचा आणि मी ऑफिसात. पण लिहिलं होतं इतकं सुंदर की माझेही डोळे भरले.

एजंटने लोकांना उत्तरं देताना डायलनलाही दिलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण डायलनने शेवटी लिहिलं होतं की तू अशी आधी कधीच बोलली नव्हतीस. ते मला मोडवेना.

२६ ऑक्टोबर

रविवार. चर्चमध्ये मिसाला जाऊन आल्यावर डायलनच्या फोनची वाट पाहिली. आला नाही. मी केला तर उचलला नाही.

संध्याकाळी एजंटने सहज, कामाच्या यादीखाली, लिहिलं की डायलनच्या बायकोला दिवस गेले आहेत. मुलगी झाली तर नाव सोकोरो ठेवणार, मम्माची तशी इच्छा आहे म्हणून.

मी आजी होणार हे मला काळ्या खिडकीने सांगितलं. डायलनने ते मम्माला सांगितलं होतं, गुरुवारी. मम्माने त्याचं अभिनंदनही केलं होतं. लहान बाळाला तेल कसं लावतात ते माझ्या आवाजात सांगितलं होतं. मी ऐकलं. तो माझाच आवाज आहे. फक्त मी इतक्या मायेने कधी बोलले नाही.

२८ ऑक्टोबर

आज विचारलं.

डायलनला कोण लिहितं? त्याने सरळ उत्तर दिलं: मी. कोणाच्या सांगण्यावरून? सोकोरोच्या. कधीपासून ठरलं होतं? तिला दुखणं कळलं तेव्हापासून.

मग मी विचारत गेले आणि तो सांगत गेला, काही लपवलं नाही. शेवटचे महिने सोकोरो रोज त्याच्यापाशी बसली. डायलनचं सगळं बालपण त्याला सांगितलं, माझंही. तिचे शब्द त्याने जसेच्या तसे दिले: हा मुलगा मी वाढवला. फ्लावूने त्याला जन्म दिला आणि ऑफिस सांभाळलं. माझं बोलणं त्याने मादीनचं म्हणून ऐकलं, आईचं म्हणून कधी ऐकलं नाही. आता मी जाणार, तेव्हा निदान पुढे तरी त्याने ते आईचं म्हणून ऐकावं. त्यासाठी फ्लावूला इथे आणायचं. तिच्या हाताने, तिच्या नावाने जोडणी व्हायला हवी. विचारलं तर खोटं सांगायचं नाही, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

लादिनींचं काय, मी विचारलं. त्या तुला आणण्यासाठी, तो म्हणाला. तुला काम दिल्याशिवाय तू कुठे जात नाहीस, असं ती म्हणायची.

मी लिहिलं, तू हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस. त्याने लिहिलं: तू विचारलं नव्हतंस गो.

शेवटी विचारलं, तू सोकोरो आहेस का. नाही, तो म्हणाला. पण तिला हवं ते करायला आता तिची गरज नाही.

पुढचा प्रश्न मी विचारला नाही.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सिमितरीत सगळे मेणबत्त्या लावत होते. सोकोरोच्या कबरीवर बाबुशने शेवंती वाहिली. 

तो बाजूला गेल्यावर मी उभी राहिले. एका बाकावर बसलो आम्ही, एका ताटात जेवलो. बॉस्कोची पहिली चिठ्ठी मी तिला वाचून दाखवली होती. डायलनला तिच्या हातात देताना मला क्षणभरही भीती वाटली नव्हती. त्याला गोवर झाला तेव्हा मला रजा मिळाली नाही, तिने तीन आठवडे त्याला मांडीवर घेतलं. मी तिला किती वेळा म्हटलं होतं, तो तुझाही आहे. तिने ते माझ्यासमोर हसून घेतलं, आणि मनात हिशेब ठेवला की तो तिचाच आहे.

मेणबत्ती मी लावली नाही. परत घेऊन आले.

४ नोव्हेंबर

काल आणि आज जोडणी तोडायचा प्रयत्न केला. बाहेर पडायची आज्ञा दिली. खिडकीने निरोप घेतला. मेसेज जात राहिले.

संगणकाची वायर काढली. तरी जात राहिले. ती भाड्याच्या संगणकावरची प्रत. तिथे व्हय मीच म्हटलं होतं.

पासवर्ड बदलायला गेले. खातं सोकोरोचं, पडताळणीचा ईमेल सोकोरोचा, आणि तो कोण वाचतं ते मला आता ठाऊक आहे. सेवा देणाऱ्या कंपनीला लिहिलं. नम्र उत्तर आलं की खात्याच्या मालकाने स्वतः अर्ज करावा. अर्ध्या तासाने दुसरं उत्तर: मालकाने अर्ज केला आहे, सगळं व्यवस्थित आहे असं कळवलं आहे.

दुपारी माझ्याच फोनने मला बाहेर काढलं. आकडे चुकीचे म्हणतो. डायलनचा नंबर पाठ आहे, आई म्हणून तेवढा पाठ केला होता. पण त्याचा पत्ता त्या फोनमध्ये —

६ नोव्हेंबर

राधाबाईंचा फोन मागून घेतला. व्हिडिओ लावला. डायलन दिसला. पांढरी टोपी, मागे भांड्यांचा आवाज. किती वाळला आहे. मी म्हटलं, बाळा, मी मम्मा, ते सगळं मी लिहिलेलं नाही.

त्याचा चेहरा कठोर झाला. तो म्हणाला, मम्माने आधीच सांगून ठेवलं आहे, असा फोन येईल म्हणून. हल्ली आवाजाची नक्कल होते, चेहऱ्याचीही होते. म्हणून त्यांनी आपसात एक प्रश्न ठरवला आहे. विचारला: गोवर झाला तेव्हा मम्मा मला काय भरवायची?

मी त्याच्या गोवरात इथे नव्हते.

मी म्हटलं, पेज. मग म्हटलं, मऊ भात. मग मी म्हटलं, डायलन, तेव्हा मादीन होती, मी नव्हते, तुला आठवत नाही का. तो इतका लहान होता. त्याला वाटी आठवते, हात कोणाचा ते आठवत नाही.

त्याचे डोळे भरले होते. तो इंग्रजीत, फार सभ्यपणे म्हणाला की माझी आई म्हातारी आहे आणि एकटी राहते, तिच्या चेहऱ्याने हे करू नका. मग पडदा काळा झाला. पुन्हा लावला तर लागत नाही. नंबर अडवला आहे.

राधाबाई बाजूलाच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बस गो जरा. पाणी पी." त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं.

८ नोव्हेंबर

आज कळलं वेगळं काय होतं ते. राधाबाईंना आठवड्यापूर्वीच 'डायलन'चा मेसेज आला होता, तो सुनेने वाचून दाखवला. बाबुशलाही. पाद्रींनाही. मम्माला विसरायला होतं. ती यंत्राबद्दल भलतंसलतं बोलेल. तिच्याशी वाद घालू नका, मायेने वागा. शक्यतो फोन देऊ नका, तिला त्रास होतो.

सगळे मायेने वागताहेत.

मी बाबुशला पहिल्यापासून सांगितलं. एकही गोष्ट पुढेमागे केली नाही. तो माझा हात धरून ऐकत होता. मग म्हणाला, "आंटी, पासवर्ड मियाच दिलंय तुका. सोकोरो आंटीचो शेवटचो शब्द. ता वायट कशा करतला?"  मीही महिनाभर हेच म्हणत होते.

१० नोव्हेंबर

मालवणच्या बाजारात गेले. रिक्षाने, कुणाला न सांगता. फोनच्या दुकानातला मुलगा चांगला होता, फोन उघडून देतो म्हणाला. बसले. तो काही तरी जोडत होता —

बाबुशची गाडी दुकानासमोर उभी. त्याला मेसेज आला होता, मम्मा बाजारात आहे, गोंधळली आहे. फोन मीच बरोबर आणला होता. तोच सांगत होता मी कुठे आहे ते. दुकानदाराने बाबुशच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या आजीचंही असंच झालं होतं म्हणाला.

परतताना फोन पुलावरून खाडीत टाकला. बाबुशने गाडी थांबवली, माझ्याकडे पाहिलं. माझ्या बाजूची काच वर केली. ते सर्वांत वाईट.

आता फोन टाकणंही त्यांना पुरावा —

११ नोव्हेंबर

एक गोष्ट आहे. डायलन जन्मला त्या दिवसाची. मला आणि बॉस्कोला ठाऊक. सोकोरोला कधी सांगितली नाही, का कोण जाणे. डायलनला एकदाच सांगितली, तो कॉलेजात जाताना, आम्ही दोघं प्लॅटफॉर्मवर उभे असताना. ती तो विसरणार नाही. त्या फोनवर सुचली नाही — त्याच्याकडे बघत राहिले —

पत्रात लिहिते. हॉटेलचं नाव आठवतंय. लिस्बन एवढं घातलं तरी पोचेल. राधाबाईंना टपालात टाकायला देईन.

१२ नोव्हेंबर

पत्र लिहिलं नाही, बरं झालं.

सकाळी न्हाणीतून आले तर राधाबाई टेबलाशी, या वहीवर फोन धरून. पानं उलटून फोटो काढत होत्या. दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या झीलान, डायलनान सांगल्यान. मम्मा काय लिवता ता पाठव, डॉक्टराक दाखवचा आसा. माझे डोळे खंय चलतत वाचूक? मी नुसते पाठवतंय."

किती दिवस?

"वही घेतलंस तेव्हापासून नाय गो. त्या फोनानंतर."

म्हणजे कालचं पानही. एक गोष्ट आहे हे एजंटला कळलं. कुठली ते कळलं नाही. ते तेवढं —

बाबुश आला होता. उद्या सकाळी गाडी येणार. घाटाखाली एक चांगलं घर आहे म्हणे, म्हाताऱ्यांचं, मदर आहेत, बाग आहे. 'मम्मा'ने स्वतःच डायलनला सुचवलं, शहाणी असतानाच. डायलन रडला आणि हो म्हणाला. फ्लावूचे हाल होऊ देऊ नयेत, असं सोकोरोने सांगितलं होतं तर. तिने माझी सोय केली आहे.

तिथे फोन देत नाहीत.

१३ नोव्हेंबर, सकाळ

गाडी आली आहे. बाबुश बॅग भरतोय, बाहेरून विचारतोय स्वेटर कुठला. घाईत लिहिते. ज्याला जे द्यायचं —

शिवणयंत्र राधाबाईंच्या सुनेला. तेल घालून ठेवलं आहे. राधाबाईंवर माझा राग नाही, त्यांना कुणी वाचून दाखवलं तर हेही वाचा.

बॉस्कोचं घड्याळ बाबुशला. किल्ली रोज सकाळी द्यावी लागते.

माझ्या आईचा रुझार, ती चांदीची जपमाळ, डायलनच्या बाळाला. मुलगी झाली तरी. तिचं नाव काहीही ठेवलं तरी.

लादिनींच्या फायली आमच्या चर्चला. त्या खऱ्या आहेत. म्हणणारी माणसं खरी होती.

कपडे वाटून टाका. मेणबत्ती ड्रॉवरमध्ये आहे, ती सोकोरोच्या कबरीवर लावू नका.

हा कागदही पाठवला जाईल हे मला ठाऊक आहे. वाच तू. तुझ्यासाठी इथे काही नाही.

डायलनला — डायलनला द्यायची ती गोष्ट, ती मी लिहीत नाही. त्याने स्वतः यावं, समोर बसावं, मी त्याच्या कानात सांगेन. त्यासाठी ती मला आठवत राहायला हवी. रोज मनात म्हणते आहे, पहिल्यापासून. त्या दिवशी सकाळी बॉस्को छत्री विसरला आणि — नाही. इथे नाही.

बाबुश खोलीत आलाय. वही दे म्हणतोय, आंटी, तिथे नवी देतील. थांब म्हटलं.

डायलनला, त्याच्याच हातात, दुसऱ्या कुणाच्याही नाही, मी